शुक्रवारचे फुटाणे

मुलांसाठी करायच्या पूजेला नैवेद्य काय असावा, हे आपल्याकडच्या बायकांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं आहे. श्रावण लागला की देवघराशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. वर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मग लेकरांना अंगाखांद्यावर घेतलेल्या जरा-जिवंतिका, आणि खाली हत्तीवर नि वाघावर स्वार झालेले बुध-बृहस्पती. दर शुक्रवारी आघाडा-दूर्वांची माळ, घरातल्या पोरांना ओवाळणं, जी परगावी असतील त्यांच्या नावानं चारी दिशांना अक्षता. मग सवाष्णींना हळदीकुंकू, साखर घातलेलं दूध आणि गूळ-फुटाणे. पुरणाचा घाट एखाद्या शुक्रवारी जमला तर जमला, फुटाणे मात्र हवेतच. पोरं जगावीत, धडधाकट राहावीत म्हणून मागणं मागायचं आणि हातावर फुटाणे ठेवायचे, यातली संगती मला कळायला बरीच वर्षं गेली. लहानपणी आमचं लक्ष फक्त हळदीकुंकू आटोपल्यावर परातीत किती उरतात याकडे.

आमचं घर बार्शीतलं. आईच्या स्वयंपाकघरात डब्यांना त्यांच्या मानाप्रमाणे जागा होत्या. लाडवांचा डबा वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या बिस्किटांचा त्याच्याही मागे, आणि फुटाण्यांचा डबा खाली जमिनीवर, ज्वारीच्या पिठाशेजारी. पहिल्या दोन डब्यांना हात लावायचा तर विचारावं लागे. तिसऱ्याला कुणी राखण नव्हती. शाळेतून आलं, दप्तर टाकलं की डब्यात हात जायचा. ज्याची जेवढी मूठ, तेवढा त्याचा खाऊ. आईनं कधी मोजून दिले नाहीत. एक खडा गूळ मात्र ती स्वतः फोडून द्यायची, कारण गूळ आम्ही मोजून खाल्ला नसता.

फ्रॉक शिवायला टाकताना माझी एकच अट असे, खिसा हवा. शिंपीकाका कुरकुरत. त्या खिशात फुटाणे आणि चिंचोके एकत्र नांदायचे. फुटाण्यांवर आमचे सगळे व्यवहार चालत. सागरगोट्यांत हरलं की पाच फुटाणे, गणिताची वही उतरवायला दिली तर दहा. साल काढून खाणारे आणि सालासकट खाणारे असे वर्गात दोन पंथ होते. धाकटा भाऊ तिसऱ्याच पंथातला, फुटाणा वर उडवून तोंडात झेलणारा. पैसे खर्चून आणलेला खाऊ आम्हाला कुणी असा खेळायला दिला नसता. फुटाणे आमच्या मालकीचे होते. ते खायला मोठ्या माणसाची गरजच पडत नसे.

भट्टी आमच्या गल्लीच्या टोकाला होती. भडभुंज्याला सगळे मामा म्हणत, त्याच्या बायकोला मामी. हरभरे घरचे दिले तर तो भाजणावळ घेऊन फुटाणे करून द्यायचा. नागपंचमीच्या आधी ज्वारीच्या लाह्या फोडून घ्यायला रांग लागायची, तेव्हा त्याला मान वर करायला सवड नसे. एरवी मात्र तो पोरांना बसू द्यायचा. हरभरा आणला, तापल्या वाळूत टाकला आणि फुटाणा झाला, इतकं ते सोपं नसतं. आधी हरभरे वाळूत नुसते शेकून काढायचे. मग त्यांवर हळद-मिठाचं पाणी मारून पोत्याखाली रात्रभर मुरत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी मोठा जाळ. कढईतली काळी वाळू इतकी तापलेली की तिच्यावर हवा थरथरताना दिसायची. मूठ-दोन मूठ दाणे पडले की मामा झाऱ्यानं भराभर फिरवायचा. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते, दाणा फुगतो, साल तडकते. तड्‌तड्‌ आवाज टिपेला जाऊन ओसरू लागला की लगेच चाळणीत. वाळू खाली, फुटाणे वर. क्षणभर उशीर झाला तर करपट आणि क्षणभर लवकर काढले तर आत दगड. घड्याळ नव्हतं, तो कानावर काम करायचा. साल चोळून काढून दाण्याच्या दोन फाका केल्या की ते झालं डाळं, ज्याला आपण पंढरपुरी डाळं म्हणतो आणि चिवड्यात घालतो.

मामा हरभऱ्यातही निवड करी. गोल, टपोरा, गुळगुळीत गुलाबी हरभरा दिसला की खूश व्हायचा. अशा हरभऱ्याचा गुलक-1 हा वाण अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढला आहे आणि तो फुटाण्या-डाळ्यांसाठी चांगला मानला जातो, हे मी पुष्कळ पुढे वाचलं.

पुण्यात डी.एड.ला गेले तेव्हा वसतिगृहात फुटाण्यांची मला थोडी लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. खोलीतल्या मुलींच्या घरून नानकटाई यायची. परीक्षेच्या रात्री मात्र सगळ्यांचे हात माझ्याच डब्यात.

नोकरी लागली ती करमाळा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. दुष्काळी मुलूख, पत्र्याची खोली, एप्रिलमध्ये अंगाची लाही. बरीच पोरं सकाळी काळ्या चहावर आलेली असत. दहाच्या सुमारास पहिली-दुसरीतली दोन-तीन डोकी बाकावर टेकायचीच. 1995 साली शालेय पोषण आहार योजना आली. सुरुवातीला हजेरीप्रमाणे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळे, पुढे शाळेतच खिचडी शिजायला लागली. खिचडीनं मोठं काम केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी खिचडी दुपारची. सकाळी रिकाम्या पोटी बसलेल्या पोराला ‘अ’ आणि ‘आ’ यांतला फरक कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षा करणंही बरं नाही. कपाटात खडूच्या खोक्याशेजारी मी फुटाण्यांचा डबा ठेवला होता. शाळेत वीज असली तर असायची, फ्रिजचं नावच नको. दूध दुपारपर्यंत नासायचं, केळी दोन दिवसांत काळी पडायची. शेंगदाण्यांवर माझं प्रेम आहे, पण त्यांत जवळजवळ निम्मं तेल, उन्हाळ्यात खवट व्हायला वेळ लागत नाही. फुटाण्यांत तेल नावापुरतं, 100 ग्रॅममागे 5-6 ग्रॅम, आणि पाणी तर भट्टीनंच हाकलून दिलेलं. बुरशीला धरायला काही उरतच नाही. त्यांचा वैरी एकच, पावसाळी हवा. सादळले की चामट होतात. तवा तापवून पाच मिनिटं कोरडेच परतले की पुन्हा कुरकुरीत.

त्याच 100 ग्रॅममध्ये 20 ते 22 ग्रॅम प्रथिनं असतात. शिवाय भरपूर चोथा, त्यामुळे मूठभर फुटाण्यांवर पोर जेवणापर्यंत तग धरतं. लोहही असतं, पण डाळी-कडधान्यांतलं लोह अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्वाचं काहीतरी हवं. पेरूची फोड, आवळा, नाहीतर फुटाणे-चुरमुऱ्यांवर कांदा चिरून लिंबू पिळायचं. आमच्या शाळेच्या मागे आवळ्याचं झाड होतं, त्यामुळे पोरांनी तो प्रश्न शासनाच्या मदतीशिवाय सोडवला होता.

माझी मुलं शाळेत जायला लागली तोवर दुकानांच्या दारात पाकिटांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या. झगमगीत, हवा भरलेली. मुलांना ती हवीत यात मुलांचा दोष नाही. तिखट-मीठ-तेल यांचा तो मेळच असा बसवलेला असतो की एकावर हात थांबत नाही. पण ही पाकिटं स्वस्त असतात, हा समज मला पटत नाही. आमच्याकडे पाव किलो फुटाण्यांना जे पैसे पडतात, त्यांत पाच रुपयांची आठ-दहा पाकिटं येतात, आणि त्या सगळ्यांतला ऐवज एका ताटात ओतला तरी पाव किलो भरत नाही. गरीब आई रोज पाच-पाच रुपये देते कारण पाच रुपये रोज असतात, पन्नास एकदम नसतात. पुडीतले फुटाणे विकणारा शाळेच्या फाटकावरून गेला, तिथे ही माळ आली.

आणि खरं सांगायचं तर फुटाण्यांना आपल्या मध्यमवर्गीय प्रतिष्ठेनं जास्त मारलं. डब्याला काय द्यावं याच्या याद्या पालकसभेत वाटतात. त्यांत मखाणे असतात, बदाम असतात, ओट्‌सचे लाडू असतात, परदेशी बियाही असतात. फुटाणे लिहायला कुणाचा हात धजत नाही. ‘चणेफुटाण्यांच्या भावात’ गेलेल्या वस्तूला कोण डब्यात घालणार? बदामाला माझा विरोध नाही, पण ज्या घरात दोन पोरं आणि एक पगार आहे त्या घराला बदामाची यादी देणं म्हणजे खाऊ सुचवणं नव्हे, खजील करणं आहे.

आई ऐंशीच्या घरात होती तेव्हा तिला फुटाणे चावेनात. “चणे आहेत तर दात नाहीत,” असं स्वतःच म्हणून हसायची आणि खलबत्त्यात कुटून घ्यायची. त्या कुटात पिठीगूळ कालवून चमच्यानं खायची. तीच युक्ती नातवाच्या वेळी कामी आली. तो तेव्हा तीन वर्षांचा होता आणि माझ्या मुठीतल्या फुटाण्यावर त्याचा डोळा. मी दिला नाही. शाळेत असताना शेजारच्या वाडीतल्या एका लेकराच्या श्वासनळीत शेंगदाणा अडकला होता. सोलापूरला नेऊन दुर्बिणीनं काढावा लागला. लहान मुलांना दाढा नसतात, असतात त्या पक्क्या नसतात, आणि हसताना-पळताना गोल कडक दाणा घशात न जाता भलतीकडे जातो. नातवाला मी डाळ्याचे लाडू केले. डाळं मंद आचेवर गरम करायचं, मिक्सरमधून बारीक काढायचं, चाळायचं, त्यात पिठीगूळ, वेलदोडा आणि वळण्यापुरतं पातळ तूप. डाळं आधीच भाजलेलं असल्यामुळे बेसनासारखं तासभर ढवळत बसावं लागत नाही. पाण्याचा थेंब लागू दिला नाही तर पंधरा दिवस बाहेर छान राहतात. आता तो शाळेत जातो आणि सालासकट खाणाऱ्यांच्या पंथात आहे.

तुमच्या घरात मुलं असतील तर पुढच्या किराण्यात अर्धा किलो फुटाणे लिहा. फार पिवळेधमक दिसले तर घेऊ नका. हळदीचा रंग मळकट असतो, आणि कापड-चामडं रंगवायचा ऑरामाइनसारखा पिवळा रंग खाण्यात वापरायला बंदी असूनही कुणी कुणी लावतात. भट्टी जवळ असेल तर तिथूनच घ्या, शक्यतो खारे नकोत. घट्ट झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताला येईल असे ठेवा. आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर तोच डबा उंचावर ठेवा, त्याला अख्खा दाणा देऊ नका, कूट द्या.