पायाखालचा राजा

जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलमध्ये शिरलं की नजर थेट शेवटाला जाते. वेदीमागे छताच्या दिशेने चढत गेलेली सोनेरी मुलाम्याची प्रभावळ आहे आणि तीत संत कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले. याआधी लिस्बनच्या गार्सिया फर्नांडिशनेही गोव्याच्या कॅथेड्रलसाठी तिची चित्रं रंगवली होती.

कथा वादाची. अलेक्झांड्रियाची ही विदुषी राजकन्या सम्राट मॅक्सेन्शियसला तोंडावर चूक ठरवते. तो पन्नास पंडित बोलावतो. ती त्यांना निरुत्तर करते आणि ते तिचाच धर्म पत्करतात. मग खिळ्यांचं चाक आणलं जातं, तेही मोडतं. शेवटी तलवारीने तिचा शिरच्छेद होतो. (ही बाई खरंच होऊन गेली का, या शंकेने 1969 मध्ये रोमने तिचा सण पंचांगातून काढला आणि 2002 मध्ये परत घेतला. गोव्यातली प्रभावळ मधल्या काळात जागची हलली नाही.)

गोव्याशी तिचं नातं तिथीचं. 25 नोव्हेंबर 1510 ला पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून शहर जिंकलं, तो तिच्या सणाचा दिवस. विजय तिच्या नावे जमा झाला.

युरोपातल्या वेदीचित्रांत तिच्या हाती तलवार असते, ती तिचाच जीव घेणारी. तिच्यावरून संत ओळखायची. पायाशी कधी हरलेला सम्राटही असतो. मांडवीकाठच्या व्हाइसरॉय कमानीवरही, शहराच्या बाजूला, तलवार घेतलेली बाई आहे आणि पायाखाली आडवा पडलेला माणूस. पुष्कळ जण तिला कॅथरीन मानतात, त्याला आदिलशहा. इथे तलवारीचा अर्थच फिरला. मारली गेलेली बाई मारणारी झाली.

मी वारणानगरचा, तालुका पन्हाळा. पन्हाळाही तेव्हा आदिलशाहीतच. म्हणजे तो पडलेला माणूस आमच्याकडचाही राजा. बरं, अंबाबाईच्या मुलखातला माणूस देवीच्या पायाखालचा असुर बघून दचकत नाही. पण आमच्या कथेत मरता मरता कोल्हासुर वर मागतो आणि देवी गावाला त्याचं नाव देते. एसटीच्या पाटीवर रोज तेच फिरतं. कमानीवरच्याला कुणी काही विचारलेलं दिसत नाही. 1954 मध्ये ती कमान नव्याने बांधली, पोर्तुगिजांना जायला जेमतेम सात वर्षं उरली होती. तेव्हाही त्याला पायाखालीच ठेवलं.