चौदा गुणांची गोष्ट

बाईमाणसाला वय विचारू नये आणि विद्यार्थ्याला चारचौघांत गुण विचारू नयेत, असे आमचे एक मुख्याध्यापक गमतीने म्हणत असत. मी अडतीस वर्षे प्राथमिक शिक्षिका होते. त्यामुळे दुसरा नियम मला पाळता आला नाही. पहिला मात्र मी इतक्या काटेकोरपणे पाळला, की त्याची शिक्षा मला एका रात्री इस्पितळाच्या खिडकीपाशी भोगावी लागली.

२०२२ सालच्या पावसाळ्यातील ती रात्र. माझी शेजारीण आणि मैत्रीण आल्तारसमोर रोझरी म्हणता म्हणता कोसळली. तिचे यजमान देवाघरी गेलेले, एकुलती एक लेक लिस्बनला. शेजारच्या मुलांनी रिक्षा आणली आणि आम्ही तिला इस्पितळात नेले. खिडकीतल्या तरुणाने फॉर्म पुढे ओढला. मी नाव सांगितले, पत्ता सांगितला.

"वय?" त्याने विचारले.

मी गप्प झाले. १९८६ साली ती वसईला आमच्या शेजारी राहायला आली. छत्तीस वर्षे आम्ही एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकली, एकमेकींच्या घरची लग्ने आणि मर्तिके निभावली. तिला कोणती भाजी आवडत नाही, हे मला ठाऊक होते. तिचे वय मात्र ठाऊक नव्हते.

मग मी शिक्षिकेच्या सवयीने हिशेब मांडू लागले. आपल्याकडे माणसाचे वय थेट विचारत नाहीत, त्याची इयत्ता विचारतात. "तुम्ही जुन्या अकरावीचे की नव्या दहावीचे?" या एका प्रश्नात सारे काम होते. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली. जो 'जुनी अकरावी' म्हणेल, तो त्या वर्षापूर्वी किंवा फार तर त्याच वर्षी परीक्षेला बसलेला असणार. कोणी 'मॅट्रिक' म्हणाले तर आणखी मागे जायचे, 'व्हर्नाक्युलर फायनल' म्हणाले तर त्याहूनही मागे. मी स्वतः १९६८ची जुनी अकरावी. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९५१ अशी आहे, चर्चच्या दफ्तरात मात्र ऑक्टोबर महिन्यातली आहे. मुलाला शाळेत घेता यावे म्हणून त्या काळी गुरुजी अशीच सोयीची तारीख लिहीत. 'एक जून'ला जन्मलेली माणसे माझ्या पिढीत गावोगावी सापडतील. खरे वय पाहायचे तर स्नानसंस्काराची वहीच उघडावी लागते.

मैत्रीण मूळची गोव्याची. आपल्या शिक्षणाविषयी ती एकदाच बोलली होती. "लिसेवमधलं पाचवं झालं माझं, चौदा मिळाले. आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्तुगीज गेले." गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. पाचवीतले मूल दहा वर्षांचे. म्हणजे जन्म १९५१चा, माझ्याच वयाची! मी खिडकीतल्या तरुणाला ठामपणे सांगितले, "एकाहत्तर लिहा."

दुसऱ्या दिवशी आधार कार्ड आणण्यासाठी मी तिचे कपाट उघडले. कार्डावर जन्मसाल १९४५ होते. माझी समवयस्क मैत्रीण एका रात्रीत सहा वर्षांनी मोठी झाली. कार्डाखाली घडी घातलेला, कडा पिवळ्या पडलेला एक कागद होता. त्यावर शिक्का होता, पोर्तुगीज अक्षरे होती आणि मधोमध शाईने लिहिलेला चौदाचा आकडा होता. का कोण जाणे, मी तो कागदही पिशवीत टाकला.

साखर एकदम उतरल्यामुळे तिला भोवळ आली होती. धोका टळला. संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त फादर तिला कम्युनियन द्यायला आले. त्यांना लॅटिन आणि थोडेफार पोर्तुगीज येते. व्हरांड्यात मी त्यांच्यापुढे तो कागद धरला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि माझ्याकडे पाहिले.

"बाई, हे लिसेवच्या 'किंतु आनु'चं प्रमाणपत्र आहे. किंतु म्हणजे पाचवे, आनु म्हणजे वर्ष. पण ही आपली पाचवी नव्हे. तिकडे आधी चार वर्षे प्राथमिक शाळा, मग लिसेवची सात वर्षे. त्यातलं हे पाचवं."

"आणि चौदा?" मी विचारले.

"वीसपैकी. दहाला पास. चौदा म्हणजे चांगले गुण झाले."

मराठीत 'किंतु' म्हणजे शंका. छत्तीस वर्षांत माझ्या मनात तो किंतु एकदाही आला नव्हता. मी तिचे 'पाचवे' ऐकले आणि त्याची आपली पाचवी केली. 'चौदा' ऐकले आणि मनातल्या मनात त्याच्या खाली शंभर लिहिले. पाचवीत चौदा गुण मिळवून शाळा सुटलेली एक गरीब बाई, अशी तिची नोंद मी करून टाकली होती. तिला देवनागरी वाचता येत नसे, त्यामुळे माझा समज पक्का झाला. बँकेची स्लिप मी भरायची, रेशनचा अर्ज मी लिहायचा, आणि तिच्या लेकीच्या अभ्यासाविषयी सल्लाही मीच द्यायचा. हे सारे प्रेमाने केले, यात शंका नाही. पण त्या प्रेमात कीव मिसळलेली होती, हे आज कबूल केले पाहिजे.

खरे तर मला शहाणपण येण्याची एक संधी आधीच मिळाली होती. २०१९ साली जर्मनीतून माझ्या नातवाचा फोन आला. "आजी, मला गणितात एक मिळाला!" मी त्याची समजूत घातली, "असू दे रे बाळा, पुढच्या वेळी नीट अभ्यास कर." पलीकडे सगळे हसत सुटले. जर्मनीत एक म्हणजे सर्वोत्तम आणि सहा म्हणजे अगदी नापास. मीही हसले, आणि गोष्ट तिथेच सोडली. शेजारच्या घरातले चौदा मला आठवले नाहीत.

आज वसईच्या घराघरांतून कोणी ना कोणी परदेशी आहे. फोनवर नातवंडे आपापली इयत्ता आणि गुण सांगतात, आणि आपण आपल्याच मापाने ते मोजतो. एक 'पाचवी' घ्या. महाराष्ट्रात पाचवीचे मूल दहा वर्षांचे. इंग्लंडमध्ये वयाच्या पाचव्या वर्षी मूल पहिल्या वर्गात बसते, म्हणून तिथल्या पाचव्या वर्गातले मूल नऊ-दहा वर्षांचे, आपल्या चौथीच्या बरोबरीचे. फ्रान्समध्ये तर अकराव्या वर्षी मूल 'सहावीत' जाते आणि तिथून उलटी मोजणी सुरू होते: सहावी, पाचवी, चौथी अशी उतरत ते 'पहिलीत' पोहोचते आणि त्यानंतर शेवटचा वर्ग येतो. तिथे पाचवीतले मूल बारा वर्षांचे. आणि गोव्याच्या लिसेवमधले पाचवे पंधरा-सोळा वर्षांचे. शब्द एकच, वये चार.

गुणांचेही तेच. जर्मनीतला एक डोक्यावर घेण्याजोगा. इंग्लंडमध्ये २०१७ सालापासून सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला नऊ ते एक अशा श्रेणी देऊ लागले, त्यात नऊ सर्वांत वर आणि एक तळाशी. फ्रान्समध्येही पोर्तुगालप्रमाणे वीसपैकी गुण देतात, आणि 'वीस गुण फक्त देवाला' असे तिथे परंपरेने म्हणतात. तिथे सोळा मिळवणारा विद्यार्थी मान ताठ करून घरी येतो.

दूर कशाला जायचे? १९६८ साली मला अठ्ठावन्न टक्के मिळाले, तेव्हा वडिलांनी आळीभर पेढे वाटले होते. साठ टक्क्यांचा पहिला वर्ग मिळवणारा मुलगा तेव्हा गावात बोटावर मोजण्याइतका. आज अठ्ठ्याऐंशी टक्के मिळवलेली मुले दार लावून रडताना मी पाहिली आहेत. टक्का तोच, परीक्षा घेणारे राज्यही तेच, पण माप निराळे.

ती घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी तो कागद तिच्या हातात ठेवला आणि म्हटले, "मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. "तू विचारलं नाहीस पुढे."

मग तिने पुढचे सांगितले. लिसेवची उरलेली दोन वर्षे करायची तिची फार इच्छा होती. मुक्तीनंतर सारेच बदलले, शाळांची भाषा बदलली, घरची परिस्थितीही ढासळली. ती मुंबईला मावशीकडे आली आणि हाच कागद घेऊन नोकरीसाठी एका कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने विचारले, "मॅट्रिक आहे?" तिने सांगितले, लिसेवचे पाचवे वर्ष. "पाचवी?" तो हसला. "आणि चौदा मार्क?" त्याने कागद परत केला. आणखी दोन ठिकाणी असेच झाले. मग तिने कागदाची घडी घातली ती कायमची, आणि शिवणयंत्र घेतले. आमच्या देवळातील वेदीवरची वस्त्रे, फर्स्ट कम्युनियनच्या मुलींचे कितीतरी पांढरे झगे तिच्या हातचे आहेत. तिच्या शिलाईचे आम्ही तोंडभरून कौतुक केले. त्या यंत्रापाशी ती कशी येऊन बसली, हे कोणी विचारले नाही.

मी म्हटले, "त्या कारकुनात आणि माझ्यात काय फरक?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तो परत कधी आला नाही. तू रोज येत होतीस."

"पण स्लिप भरताना तरी थांबवायचं होतंस मला!"

"मराठी मला वाचता येत नव्हतंच. आणि तुला भरायला आवडायचं."

या उत्तराने मी जास्तच ओशाळले. जाता जाता मी म्हटले, "आता तुम्ही विश्रांती घ्या." सहा वर्षांनी मोठ्या बाईला इतकी वर्षे 'अगं तुगं' केले, याचीही मनाला टोचणी लागली होती.

ती उशीवरून उठून बसली. "हे बघ, कार्ड बघून 'तुम्ही' म्हणणार असशील, तर उद्यापासून चहा मिळायचा नाही."

मी पुन्हा 'अगं'वर आले. बँकेची स्लिप अजून मीच भरते. फरक इतकाच, की भरून झाली की ती तिच्यापुढे ठेवते आणि ती आकडे तपासते. गेल्या महिन्यात तिला माझी एक चूक सापडली. तिने पेन्सिलीने त्याभोवती गोल काढला आणि कोपऱ्यात काहीतरी लिहिले. मी चष्मा लावून पाहिले. तिथे लिहिले होते, अकरा.

किती पैकी, हे मी या वेळी आधी विचारून घेतले.