कॅप्टन हेन्सचा हिशेब

एडन हें नांव आम्हां मराठी माणसांच्या मनांत राहिलें तें वासुदेव बळवंत फडक्यांमुळें. १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं तेथील तुरुंगांत त्यांनीं देह ठेविला. पण तो तुरुंग मुंबई सरकारच्या हातीं आला कसा, हें पाहूं लागलों आणि कॅप्टन स्टॅफर्ड बेट्सवर्थ हेन्स भेटला.

१८०२ त जन्मलेला हा गृहस्थ कंपनीच्या मुंबईच्या आरमारांतला. 'पॅलिन्युरस' जहाजावरून त्यानें अरबस्तानचा दक्षिण किनारा मोजला. सुवेझहून मुंबईस येणाऱ्या आगबोटींना कोळशासाठीं ठाणें हवें होतें; १८३७ त एडनजवळ 'दर्या दौलत' हें जहाज फुटून लुटलें गेलें, तेवढें निमित्त पुरलें. १९ जानेवारी १८३९ रोजीं एडन पडलें. त्याच वर्षीं त्याच मुंबई सरकारनें आमच्या साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलें, हें आम्हां पाटणकरांना कोणीं सांगावयास नको.

पुढें पंधरा वर्षें हेन्स तेथें पोलिटिकल एजंट होता. सहाशे वस्तीच्या पडक्या गांवाचें त्यानें हजारों वस्तीचें बंदर केलें. अरब, सोमाली, यहुदी, गुजराथी वाणी, सारे तेथें नांदूं लागले. कारकून द्या म्हणून तो सरकारला पुनःपुन्हा लिही. ते मिळाले नाहींत. अखेर सुमारें २८,००० पौंडांची तूट निघाली आणि १८५४ त त्याला मुंबईस बोलाविण्यांत आलें. खटला दोनदा चालला; दोन्ही वेळां ज्यूरीनें त्याला निर्दोष सोडलें. तरी तीच रक्कम 'देणें' ठरवून सरकारनें त्याला जवळजवळ सहा वर्षें मुंबईच्या तुरुंगांत ठेविलें! १८६० त सुटका झाली. स्वदेशीं जाण्यास जहाजावर चढला, तो बंदरांतच वारला.

दुसऱ्याचें गांव तोफांनीं घेणाऱ्याबद्दल मला फारसा कळवळा नाहीं. पण इंग्रजी शिकविण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं, आणि इंग्रजांच्या न्यायबुद्धीची स्तुति मीं वर्गांत पुष्कळ केली आहे. ती स्तुति त्या ज्यूरीला शोभते, कंपनीला नव्हे. महाराजांना उघड न्यायालय मिळालेंच नाहीं. त्यांचे रंगो बापूजी तेरा-चौदा वर्षें लंडनांत हेलपाटे घालीत राहिले. हेन्सला न्यायालय मिळालें, आणि त्याचा निकाल त्याच्याच धन्यानें मोडीत काढला. परका आणि घरचा, दोघांच्याही वाट्याला कंपनीची वही एकच!

एडनच्या आसपासचे अरब मात्र त्या शहरच्या लोकांना पुढें कित्येक वर्षें 'हेन्सचीं लेंकरें' म्हणत.