झीज कशाची, बदल कशाचा

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव मराठी वाचकांस माहीत आहे ते नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. त्याच जिल्ह्यात, हिंगोली शहरी, राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. समीक्षक आणि शिपाई या दोघांच्याही बोलण्यात येणारा एक शब्द आम्हांस बरेच दिवस खुणावत होता, तो म्हणजे 'मॅगझिन'. मूळ अरबी 'मख्जन', म्हणजे कोठार. युरोपात तो दारूगोळ्याच्या कोठारासाठी रूढ झाला. १७३१ मध्ये लंडनच्या एडवर्ड केव्ह याने 'जंटलमन्स मॅगझिन' काढले आणि त्या कोठारात लेखही साठू लागले.

पिस्तुलाचे मॅगझिन ही फार साधी वस्तू आहे. पत्र्याची पेटी, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर काडतुसे वर ढकलणारी पट्टी, खाली बूड आणि वरच्या तोंडाशी आत वळलेले दोन काठ. इशापूरच्या कारखान्यात बनणाऱ्या ९ मि.मी. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसे मावतात. बार उडाला की वरचा सरकता भाग मागे जातो आणि पुढे येताना सर्वांत वरचे काडतूस त्या काठांतून ओढून नळीत घालतो. स्प्रिंग ढिली पडली तर काडतूस वेळेवर वर येत नाही; काठ फाकले तर ते चुकीच्या कोनात येते. दोन्ही वेळा पिस्तूल अडते, आणि ते अडते नेमके गरजेच्या क्षणी.

भरून ठेवलेल्या मॅगझिनची स्प्रिंग दबून दबून निकामी होते, असा समज सर्वत्र आहे. नीट घडवलेल्या स्प्रिंगेबाबत तो बहुतांशी खरा नाही. मर्यादेत दाबून ठेवलेले पोलाद फारसे थकत नाही. ते थकते वारंवार दबण्या-सुटण्याने. काठ बिघडतात ते मुख्यतः मॅगझिन जमिनीवर आपटल्याने. म्हणून शहाणा शस्त्रागार-प्रमुख प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक टाकतो. अडथळा आला की कोणत्या क्रमांकाचे होते ते टिपतो. दोष स्प्रिंगेत असेल तर स्प्रिंग बदलतो, काठांत असेल तर पेटीच बाद करतो. सबंध पिस्तुलावर ठपका ठेवण्याआधी तो हे पाहतो.

साहित्य शिकवणाऱ्या आम्हांस ही शिस्त विचारात पाडते. कुरुंदकरांचे पुष्कळसे लेखन आधी नियतकालिकांतून आले, मग पुस्तकांत गेले. १९८२ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्याच वर्षी 'सत्यकथा' बंद पडली. नियतकालिक बंद पडले की आम्ही 'वाचक उरला नाही' म्हणून मोकळे होतो. अडथळा कोठे होता हे मात्र टिपत नाही. लेखकांना पुढे ढकलणारा जोर संपला, की कोणता लेख केव्हा आणि कसा बाहेर पडावा हे ठरवणारे संपादकीय काठ फाकले? पहिला दोष दुरुस्त होतो. दुसऱ्यासाठी नवी पेटी घडवावी लागते. साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांनी दुसरा मार्ग धरला.

येथे मात्र साम्य संपते. पोलाद विश्रांतीत टिकते, जुना स्वस्त कागद टिकत नाही. त्यातील आम्ल कपाटाच्या अंधारातही त्याला पिवळा आणि ठिसूळ करीत राहते. मॅगझिनच्या जागी तसेच दुसरे बसवता येते. १९६५ च्या अंकाची शेवटची प्रत गेली तर तिच्या जागी काहीच येत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कुलूपबंद असलेले जुने अंक 'सुरक्षित' आहेत, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे. हाताळल्याने ते झिजतील हे खरे. पण न हाताळताही ते मरतातच, आणि त्या मरणाची नोंद कोणी ठेवत नाही.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी पहिले काम हे करावे: कपाट उघडावे, अंकांना क्रमांक द्यावेत, कोणता अंक कोणत्या अवस्थेत आहे ते लिहावे, आणि जे पान उद्या तुटेल त्याची प्रतिमा आज घ्यावी. समीक्षा त्यानंतर.