आठशेतीस

अंग पिवळंधमक, चेहरा काळा, मधोमध भलामोठा गोल नॉब आणि त्याच्याभोवती आकड्यांची ही गर्दी. पुण्यात तापकीर गल्लीतल्या दुकानात काउंटरवर हात टेकून "मल्टीमीटर" एवढंच म्हणा, दुकानदार पुढचं काही न विचारता यालाच सरकवतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तरी तेच. किंमत दीड-दोनशे रुपये. वर छापलेलं कंपनीचं नाव दर दुकानी निराळं, कधी कधी नावच नाही; पण कुळ एक, डीटी-८३०. पुढची बी, डी, एल ही अक्षरं म्हणजे भावंडं. कुणाला बझर आहे, कुणाच्या पडद्यामागे दिवा लागतो, कुणाला दोन्ही नाही. मी सगळ्यांना आठशेतीसच म्हणतो.

जाणकारांत याला मान नाही. "खेळणं आहे हो, चांगला घ्या," असं सांगणारा एक तरी काका ओळखीत असतोच, आणि त्याच्या कपाटात आठ-दहा हजारांचा मीटर असतो. काकांचं चुकत नाही. पण ज्याला एलईडी लुकलुकवायचेत, अर्डुइनोला सेन्सर जोडायचाय, जुन्या रेडिओचा पॉवर सप्लाय तपासायचाय, त्याच्या नऊ-बारा व्होल्टच्या जगात हा पिवळा गडी सहसा खोटं बोलत नाही. एवढ्या पैशांत हे त्याला परवडतं कसं, हे पाहण्यासारखं आहे.

मागचे दोन स्क्रू काढून झाकण उघडा. आत नऊ व्होल्टची बॅटरी, थोडेसे रेझिस्टर, एक फ्यूज आणि मधोमध डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका. सगळी अक्कल त्या ठिपक्याखाली. अमेरिकेतल्या इंटरसिल कंपनीनं १९७०च्या दशकात काढलेल्या ७१०६ या चिपचीच ती नक्कल. तिची मोजायची रीत साधी आणि हुशार. अनोळखी नळाखाली ठरावीक वेळ बादली धरायची, मग ती माहितीतल्या नळानं रिकामी करायची आणि रिकामी व्हायला किती वेळ लागला ते मोजायचं. बादली म्हणजे कपॅसिटर. तो थोडा लहान-मोठा असला तरी बिघडत नाही, कारण भरताना आणि रिकामा करताना तोच वापरलेला. घड्याळ थोडं पुढे-मागे चाललं तरी चालतं, दोन्ही वेळा तेच घड्याळ. म्हणजे स्वस्त भागांच्या चुका आपसातच फिटतात. पक्का हवा तो फक्त तुलनेचा व्होल्ट, म्हणजे तो माहितीतला नळ. सेकंदाला दोन-तीनदा हा हिशोब होतो आणि आकडा पडद्यावर येतो.

म्हणून डीसी व्होल्टला त्याच्या कागदावर चूक लिहिलेली असते अर्धा टक्का अधिक शेवटच्या आकड्यात दोनाची. २० व्होल्टच्या रेंजवर ५ व्होल्ट मोजलेत तर तो ४.९५ ते ५.०५च्या दरम्यान काहीतरी सांगणार. ब्रेडबोर्डवर काम करणाऱ्याला याहून जास्त कशाला हवं? ५ व्होल्टच्या जागी ३.२ आले की गडबड कळतेच, ५.०१ आले की ५.०३ याची चिंता कुणी करत नाही.

स्वभाव मात्र लक्षात घ्यावा लागतो. पडद्यावर १९९९च्या पुढे आकडा नाही. हद्द ओलांडली की डावीकडे नुसता १ उभा करून गप्प बसतो. प्रोब मोकळे असताना रेझिस्टन्सच्या रेंजवरही तोच १. नवशिक्याला वाटतं, एक ओहम. रेंज स्वतःची स्वतः शोधत नाही, आपण फिरवायची. मला ही गोष्ट आवडते. आधी मनात अंदाज बांधल्याशिवाय नॉब कुठे ठेवायचा हे कळत नाही आणि अंदाज बांधायची सवय लागली की निम्मं शिक्षण झालं. आपोआप रेंज शोधणारे मीटर ही सवय लागू देत नाहीत.

नॉब चुकून एसीवर राहिला तर मात्र गंमत बघा. नऊ व्होल्टच्या बॅटरीला तो एकीकडून वीसच्या आसपास दाखवतो आणि प्रोब उलटे केले की शून्य. आतला एसीचा मामला एका डायोडवर उरकलेला. अर्धी लाट कापायची आणि बाकीचं गुणाकारानं भागवायचं. डायोडच्या खुणेवर मात्र त्याची खरी कामाची बाजू दिसते. साधा सिलिकॉन डायोड सुलट्या बाजूनं सहाशेच्या आसपास आकडा देतो, जुना जर्मेनियम त्याच्या निम्मा. तांबडा एलईडी मंद उजळतो, निळा बहुतेक वेळा रुसून बसतो, कारण त्याला लागणारे तीनेक व्होल्ट या रेंजवर मिळत नाहीत.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आणि ती बाहेरून दिसत नाही. व्होल्ट मोजताना हा स्वतःच थोडा करंट पितो. महागडे मीटर १० मेगाओहमचे असतात, यातले बरेच १ मेगाओहमचे. नऊ व्होल्टच्या बॅटरीला एक-एक मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक लावा. मध्ये साडेचार व्होल्ट हवेत. आठशेतीस तिथे तीन सांगतो. तो खोटं बोलत नाही. त्यानं स्वतःचं एक मेगाओहम खालच्या रेझिस्टरला समांतर जोडलं आणि खालची बाजू खरोखरच अर्धी झाली. १० मेगाओहमवाला त्याच जागी ४.२९ सांगेल. नेहमीच्या दहा-वीस किलोओहमच्या सर्किटला याची झळ लागत नाही. मेगाओहमच्या घरातलं, उच्च इंपीडन्सचं काही करत असाल तर याला बाजूलाच ठेवा.

बॅटरीबाबत हा फारच उधळ्या. आपोआप बंद व्हायची सोय बहुतेकांत नाही. रात्री नॉब बंदवर आणायचा राहिला की आठवड्याभरात पडदा फिका पडतो. बॅटरी फारच उतरली की तुलनेचा व्होल्टच खाली सरकतो आणि आकडे फुगतात. त्यामुळे बारा व्होल्टचा अडॅप्टर चौदा दाखवायला लागला की आधी अडॅप्टरवर संशय न घेता मीटरची बॅटरी बदलून बघावी. स्वतःचा आजार तो दुसऱ्याच्या माथी मारतो.

घरातल्या विजेपाशी मात्र याला नेऊ नये, हे माझं ठाम मत. नॉबवर ७५० व्होल्ट एसी छापलेलं असतं आणि कडेला कॅट वगैरे सुरक्षेची अक्षरंही. पण आतला फ्यूज काचेचा, इवलासा. २३० व्होल्टच्या लायनीत शिखर ३२५ व्होल्टचं असतं आणि मागे अख्ख्या सोसायटीची केबल. त्यातून १० ॲम्पियरचं भोक तर फ्यूजशिवायच. तिथे 'अनफ्यूज्ड' असं सरळ लिहिलेलंच असतं. त्या भोकातून आत गेलेली वाट म्हणजे एक जाड तारेचा तुकडा. करंट मोजून झाल्यावर तांबडा प्रोब तिथेच राहिला आणि आपण सॉकेटमध्ये घातला, तर मीटर नव्हे, तारेनं केलेला शॉर्ट आपल्या हातात असतो. प्रोबच्या वायरी पातळ आणि मुठीपाशी लवकर मोडणाऱ्या. घरच्या वायरिंगसाठी नावाजलेल्या कंपनीचा, तगड्या फ्यूजचा मीटर घ्यावा किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवावं. इथे पैसे वाचवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

याचे मोठे नातेवाईक आपल्याकडेही आहेत. नाशिकच्या मोटवाने कंपनीचे काट्याचे मीटर कॉलेजांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं राबले. काटा हळूहळू वर चढताना दिसतो ही मजा पिवळ्याला कधी जमली नाही. ऋषभ हीदेखील नाशिकचीच. आणि दूरच्या, श्रीमंत घरातला फ्लूक. त्या घराण्याला पिवळ्या रंगाचाही अभिमान. मार्च २०१४ मध्ये कोलोरॅडोतल्या स्पार्कफन कंपनीचे चीनहून आलेले २००० स्वस्त मीटर अमेरिकी कस्टम्सनं अडवले. कारण काय, तर काळ्या चेहऱ्याला पिवळी चौकट. ती फ्लूकची नोंदलेली ओळख. शेवटी फ्लूकनंच स्पार्कफनला अडलेल्या मालापेक्षा जास्त किमतीची स्वतःची उपकरणं देऊ केली. आपल्याकडे या रंगासाठी कुणाचं अडत नाही.

थोडे पैसे असतील तर काय करावं? माझा सल्ला काकांना पटत नाही. तीन-चारपट पैसे देऊन मधला मीटर घेण्यापेक्षा बझरवाले दोन आठशेतीस घ्यावेत. हॉबीवाल्याला एकाच वेळी व्होल्ट आणि करंट बघायची पाळी फार येते. मोटर अडली की करंट किती चढतो आणि बॅटरी किती खाली बसते, हे एका मीटरनं कळत नाही. दोघांना एकाच बॅटरीवर लावलं की कोण बहकलाय तेही कळतं. शिवाय एक करंटवर कायमचा ठेवला की प्रोब चुकीच्या भोकात राहायची भीती कमी होते.

घेताना दुकानातच थोडा वेळ काढा. दोन प्रोब एकमेकांना टेकवून २०० ओहमच्या रेंजवर बघा. एक ओहमच्या आत आकडा यावा आणि वायर मुठीपाशी हलवली तरी तो उडू नये. मग कंटिन्युटीवर बझर ऐका. काहींचा आवाज इतका उशिरा येतो की सोल्डरचे सांधे तपासताना वैताग येतो. असा निघाला तर दुकानदाराकडून दुसरा डबा मागून घ्या. तोही कुरकुरत नाही, त्याच्याकडे ढीग पडलेला असतो.