उबेचे ऋण

चंद्रपूर जिल्हा म्हटला की मनासमोर उन्हाळा उभा राहतो. याच जिल्ह्यातील कोरपना मात्र माझ्या स्मरणात आहे ते पौषातील थंडीमुळे. बल्लारपूर मागे टाकले की वर्धा नदीचा पूल लागतो. पलीकडे राजुरा, मग सिमेंट कारखान्यांचे गडचांदूर आणि पुढे तेलंगणाच्या सीमेजवळ कोरपना. 1956 पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. आजही येथील बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी आणि कोलामी कानी पडते. काळी जमीन, शिवारभर फुटलेली कापसाची बोंडे आणि क्षितिजावर माणिकगडाचे डोंगर, असा हा प्रदेश.

तेथे माझ्या मामांची कापसाची खरेदी आहे. सूर्यास्तापूर्वी चौविहार झाला आणि अंधाराबरोबर गारठा अंगावर आला. नानींनी दिलेल्या जाड रजईत शिरताना मला 22 परिषह आठवले. क्षुधा आणि तृषा यांच्यानंतर तिसरा येतो तो शीत परिषह. आपले साधुसाध्वी मोजक्या वस्त्रांत, अनवाणी विहार करतात आणि शेकायला अग्नीचा आधार घेत नाहीत. आपल्याला मात्र छप्पर आहे, ऊब आहे! कृतज्ञतेने मन भरून आले. त्या भावनेत एक प्रकारचे समाधानही होते.

तेवढ्यात अंगणातून खोकल्याचा आवाज आला. खिडकी किलकिली करून पाहिले. कापसाने भरलेल्या दोन बैलगाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्याखाली पोती पांघरून शेतकरी झोपले होते. सकाळी मापाचा पहिला नंबर लागावा म्हणून ते रात्रीच आले होते. शेकोटी पेटवण्याची सोय नव्हती, कारण कापसाजवळ विस्तव चालत नाही. ज्यांनी ऊब पिकवली, त्यांनाच त्या उबेपायी जाळ वर्ज्य होता.

मग मला झोप लागेना. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. माझ्या रजईत तीन किलो रुई धरली तरी तिच्यासाठी नऊ किलो कापूस वेचावा लागला असणार. दवाने भिजलेल्या झाडांतून, बोंडांच्या टोकदार कडा बोटांना लागत असताना, कुणा मायमाउलीने तो बोंड बोंड करून ओटीत जमवला असेल. हे नाव माझ्या खात्यावर कधी चढलेच नव्हते.

सकाळी नवकारसीची 48 मिनिटे पुरी होईपर्यंत मी अंगणात उभा होतो. मामांनी कापसात ओलावा मोजण्याचे यंत्र खुपसले. सरकारी खरेदीत 8 टक्के ओलावा प्रमाण मानतात आणि त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत भावात कपात होते. यंत्राने 12 दाखवले.

“शेठजी, रातच्या दवानं ओला झाला जी,” एक शेतकरी म्हणाला.

“भाऊ, जिनिंगवाला माझेही कापतो,” मामा म्हणाले. तेही खोटे नव्हते.

ओसरीवर माळ घेऊन बसलेल्या नानी शांतपणे म्हणाल्या, “रात्र आपल्या अंगणात काढली ना त्यांनी? मग दव आपल्या दारचेच.”

मामा क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी ताडपत्री अंथरायला लावली. कापूस उन्हात पसरला आणि माप दुपारी झाले. वजन थोडे घटले, पण भाव पुरा मिळाला. तोवर दोघे शेतकरी आमच्या पंगतीला जेवले.

जीवांनी एकमेकांवर उपकार करीत जगावे, हे आपण मंदिरात ऐकतो. पण रात्री रजईत मला जे वाटले होते, ती खरी कृतज्ञता नव्हती, आपल्या सोयीचा तो आनंद होता. ज्याचे देणे आहे त्याचे नाव कळले आणि त्यातले थोडे तरी फेडले, की कृतज्ञता सुरू होते. जमाखर्चाच्या वह्या ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे अधिक काय सांगावे?

पुढच्या पौषात मी पुन्हा कोरपन्याला गेलो. अंगणालगतची बारदानाची खोली रिकामी केलेली होती. आत सतरंजी होती, चार रजया होत्या आणि कोपऱ्यात उकाळलेल्या पाण्याचा हंडा. त्या रात्रीही गारठा तितकाच होता, पण गाड्यांखाली कोणी झोपलेले नव्हते.