पॅकेटचे तिसरे इंजिन

तुळशीबागेपासून लष्करापर्यंत पुण्यातील खेळण्यांची दुकाने मी पालथी घातली. लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींचे संच मुबलक होते. पण मालवाहू 'पॅकेट'चे नावही कोणास ठाऊक नव्हते! वास्तविक जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर राजे यांनी हेच विमान लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे, १६,००० फुटांहून अधिक उंचीवर उतरविले होते. विरळ हवेत दोन इंजिनांचे बळ अपुरे पडे, म्हणून आपल्या पॅकेटांच्या पाठीवर तिसरे, जेट इंजिन चढविण्यात आले.

अखेर एका दुकानाच्या माळ्यावरून इटलीत तयार झालेला संच निघाला. घरी येऊन उत्सुकतेने उघडला, तो तिसरे इंजिन त्यात नव्हतेच. इटलीतल्या कारखानदारास लडाखची काय कल्पना? मग सागाच्या तुकड्यातून दोन पेरांएवढे इंजिन मी कानशीने घासून घडविले. ते किंचित वाकडे बसले. तसेच राहू दिले.